घर घेऊन निघालेले काका

मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, घरात मासे करणार का हेसुद्धा विचारलं नाही. दार उघडलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "उत्तर कुठे आहे, दाखव."

बोरिवली पूर्वेची जुनी सोसायटी, लिफ्ट बंद, जिना चढून मला धाप लागलेली. मी ठोकून दिलं. खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसत होता, तिकडे बोट केलं.

"ती पूर्व," काका भलतेच खूश होऊन म्हणाले. "हरकत नाही. शिकवता येईल. कधी येतेस राहायला?"

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, आधी तिला पाणी तरी द्या. मग काय ती दिशा दाखवा."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. समोरासमोरची दोन घरं त्यांचीच होती. एकात ते दोघं राहायचे, दुसऱ्यात मी. मूलबाळ नव्हतं. दोन्ही दारं दिवसभर उघडीच असायची, त्यामुळे महिन्याभरात मी त्यांच्या घरातलीच झाले आणि मला उत्तर कुठे ते झोपेतही सांगता यायला लागलं. ते यावंच लागे. काकांच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतंच. "पश्चिमेच्या ड्रॉवरमधला चमचा दे." "तुझ्या दक्षिण गालावर काजळ पसरलंय." एकदा आम्ही रिक्षातून चाललो होतो आणि काका रिक्षावाल्याला म्हणाले, "आगे से नैऋत्य लेना." त्याने रिक्षा बाजूला घेतली, मागे वळला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहब, वो कौनसा सिग्नल है?"

काका मरोळच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होते. कंपनी फ्रिज बनवायची. "मी आयुष्यभर एका थंड कपाटाची चित्रं काढली," असं ते सांगायचे. त्यात तक्रार नसायची. निवृत्त झाल्यावरही खिशात मेजर टेप असायची आणि ती कुठेही बाहेर निघायची. लग्नात वाढलेल्या जिलबीचा व्यास त्यांनी मोजलेला मी पाहिलाय. आणखी एक सवय म्हणजे कुठलंही वाक्य "विषय संपला" असं म्हणून संपवायचं आणि मग त्याच विषयावर चहा निवेपर्यंत बोलत राहायचं.

या माणसाला दुनियेतल्या सगळ्या किनाऱ्यांची माहिती होती. कुठल्या खाडीत भरती किती वेगाने चढते, कुठे फ्लेमिंगो घरटी करतात, कुठे वाळूखाली गोडं पाणी लागतं, सगळं तोंडपाठ. पण ते कुठे गेले नव्हते. काकांची बहीण चेंबूरला राहायची, तिथेसुद्धा दोघं कधी मुक्कामाला राहिले नाहीत. लग्नाकार्याला जायचे आणि रात्री घरी परत. कारण सगळ्या नात्यात माहीत होतं. काकूंना स्वतःच्या गादीशिवाय झोप लागत नाही.

हे काकाच सांगायचे, अगदी प्रेमाने. "हिचं बाबा तसंच आहे पहिल्यापासून. महाबळेश्वरला गेलो होतो लग्नानंतर. ही रात्रभर जागी. दुसऱ्या दिवशी परत. विषय संपला." मग चेंबूरच्या बहिणीला जोर चढायचा. "आमच्या वहिनी म्हणजे महाराणी! पलंग पालखीत घालून आणायला हवा!" सगळे हसायचे. काकू पण हसायच्या आणि पानात काहीतरी वाढायला उठायच्या.

मिनीबस आली तेव्हा पिवळी होती. कुठल्यातरी शाळेची जुनी बस, पाठीवर 'मुले चढत-उतरत आहेत' हे अर्धवट पुसलेलं. सोसायटीच्या गेटमधून आत शिरताना तिने सेक्रेटरींच्या लाडक्या गुलमोहराची फांदी खाली आणली, त्यामुळे ओळख जरा वाईटच झाली.

"काका, हे काय आणलंत?" सेक्रेटरी धावत खाली आले.

"घर."

"पार्किंगमध्ये घर?"

"घर पार्क केलंय. गाडी पार्क करता येते, मग घर का नाही? विषय संपला." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी सेक्रेटरींना समजावून सांगितलं की ही कल्पना इतकी वर्षं कोणालाच कशी सुचली नाही. हिला आपल्या घराशिवाय झोप येत नाही ना? मग घरच बरोबर न्यायचं!

तो हिवाळा बिल्डिंगमध्ये करवतीच्या आवाजातच गेला. काकांनी सुतार लावला, वेल्डर लावला आणि दोघांच्या डोक्यावर टेप घेऊन स्वतः उभे राहिले. बसच्या मागच्या भागात त्यांनी आपली झोपायची खोली जशीच्या तशी उभी केली. तोच पलंग, फक्त पाय कापलेला. तीच कापसाची गादी. खिडकीला घरच्यासारखेच गज आणि घरच्या पडद्याचा उरलेला कपडा. मध्ये सरकतं दार, पुढे छोटा ओटा, दोन शेगड्या, छोटा फ्रिज, डब्यांना इलॅस्टिकचे पट्टे. बाथरूम इतकं लहान होतं की त्याबद्दल कोणी काही विचारायचं नाही असं आधीच जाहीर झालं होतं. आरटीओच्या खेपा तर किती झाल्या ते काकाच जाणोत; तिथला एक साहेब शेवटी त्यांना लांबून बघूनच पंख्याखालून उठायचा.

काकू सुरुवातीला बसकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. मग एक दिवस त्यांची लोखंडी कढई सापडेना. तावातावाने खाली गेल्या, कढई बसमध्येच होती. आता आलोच आहोत तर शेगडी चालते का बघू, म्हणून चहा टाकला. चहाच्या वासाने तळमजल्याच्या शहाणेबाई आल्या, त्यांच्या मागून आणखी दोघी. पुढच्या महिन्याची भिशी बसमध्ये झाली. त्यानंतर सेक्रेटरींची तक्रार आपोआप बारगळली, कारण त्यांची बायको भिशीत होती.

जायचं कुठे हे काकांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. किनाऱ्या-किनाऱ्याने उत्तरेला. डहाणू, मग गुजरात, मग सौराष्ट्राचा सगळा काठ, आणि शेवटी कच्छचं ते पार वरचं टोक, जिथे रस्ता संपतो, वस्ती संपते, नुसती खाजणं आणि तिवरं. "तिथे उंट समुद्रात पोहतात," काका सगळ्यांना सांगत सुटले.

"उंट?" सेक्रेटरी म्हणाले. "समुद्रात? काका, डोक्याला रुमाल बांधत जा उन्हात."

माझा नंबर असा लागला. माझ्या अंधेरीच्या ऑफिसने बस्तान बंगळुरूला हलवलं आणि मी गेले नाही. पवईची नवी नोकरी जूनअखेर सुरू होणार होती. माझ्या बाबांची मुलुंडला शाळेची व्हॅन होती. मी ती रिव्हर्स घेत लहानाची मोठी झालेय. काकांना हे माहीत होतं. पण खरी अट काकूंची होती. "पोरगी बरोबर असेल तर येते मी. एकट्या ह्यांच्या हातात गाडी दिली तर आपण थेट उत्तर ध्रुवावर."

मे महिन्यात एका पहाटे आम्ही निघालो. सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. कोणीतरी नारळ फोडला.

काकांची दिशांची सवय किती भयंकर आहे ते मला तेव्हा कळलं. घरात पश्चिमेचा ड्रॉवर कायम पश्चिमेलाच असतो. बसने वळण घेतलं की तोच ड्रॉवर दक्षिणेला जातो. काका मागून ओरडायचे, "उत्तरेच्या डब्यातून शेव दे गं," आणि काकू शांतपणे म्हणायच्या, "आत्ताची उत्तर की मघाची?" त्यात पलंगाची उशी पूर्वेलाच हवी, घरी तशीच असते म्हणून. त्यामुळे रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागी मी बस मागे-पुढे, मागे-पुढे करत राहायची आणि काका बाहेर होकायंत्र घेऊन उभे. गावातली माणसं जमायची. मंदिराचा पाया आखतायत असंच वाटायचं त्यांना.

पण काय दिवस होते ते! डहाणूच्या पुढे सरूच्या बनात आम्ही मुक्काम टाकला, तिथे ओहोटीला समुद्र इतका आत गेला की काकू त्याला शोधायला चालत निघाल्या. पुढे मोठ्या आखाताला वळसा घातला आणि वस्ती विरळ होत गेली. मैलोन् मैल मिठागरं. मी मुलुंडची, मला मिठागरांचं कौतुक नाही, पण ही आभाळाएवढी होती. खाडीच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रांग. बाहेर ऊन मी म्हणत असायचं, पण समुद्राचा वारा असा की बसचं दार एकट्याने बंद व्हायचं नाही.

आणि काकू! घरात ओट्यापाशी दिसणारी ती बाई बसमध्ये वेगळीच झाली. बोरिवलीच्या भाजीवाल्यांकडून शिकलेलं त्यांचं गुजराती तिथे धडाधड चालायला लागलं. कुठल्याही गावात उतरायच्या, कोणाच्याही ओसरीवर बसायच्या, आणि परत येताना पदरात कैऱ्या किंवा ताकाची लोटी. खुशीत आल्या की त्यांची मालवणी बाहेर यायची. "बघ गो, काय वारो सुटलो हा!" त्या मूळच्या तिकडच्या, समुद्रावर वाढलेल्या. हे मी विसरलेच होते, इतक्या त्या बोरिवलीच्या झाल्या होत्या.

फक्त एक गोष्ट जमत नव्हती. रोज सकाळी काका लालभडक डोळ्यांनी बाहेर यायचे आणि म्हणायचे, "हिला काल पण झोप नाही."

काकू चहा गाळता गाळता म्हणायच्या, "हो ना. जरा कूसच बदलत होते."

मी पुढच्या बाकावर झोपायची. मधलं दार फळकुटाचं. त्या दारापलीकडून काकूंचं घोरणं मला रोज ऐकू यायचं, आणि ते चांगलं दणदणीत होतं. मला वाटलं, असेल बाबा, घोरतानाही जागं राहणारी माणसं असतील.

काकांची मात्र दिवसागणिक वाट लागत चालली. चहात मीठ घातलं. किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. आणि एकदा, ज्याची मला स्वप्नातही कल्पना नव्हती ती गोष्ट घडली: त्यांनी पूर्वेला पश्चिम म्हटलं. स्वतःच्या तोंडातून ते ऐकून ते इतके हादरले की होकायंत्र काढून तीनदा बघितलं.

पोरबंदर सोडल्यावर एका दुपारी त्यांनी हट्टाने गाडी हातात घेतली. रस्ता सरळ, समोर कोणी नाही. मी शेजारी शेंगा सोलत होते. अचानक बसचा सूर बदलला. बघते तर काकांची मान खाली आणि आम्ही रस्ता सोडून उतारावरून खाजणात चाललोय. मी स्टिअरिंग धरलं, हॅंडब्रेक ओढला. बस घसरत गेली आणि मऊ चिखलात बसली, एखादी म्हैस बसावी तशी. मागे सगळे डबे कोसळले. मग तिकडून काकूंचा आवाज आला, "मी बरी आहे. पोहे सांडले सगळे. तुम्ही बरे आहात ना?"

कोणाला काही लागलं नव्हतं. पण दहा पावलं पुढे पाण्याचा खोल चर होता.

काका खाली उतरले, चाकं पाहिली, आणि चिखलात उभ्या-उभ्याच म्हणाले, "परत फिरायचं. हिला झोप मिळत नाहीये, तिची तब्येत बिघडेल. माझी कल्पनाच चुकली. विषय संपला." आणि प्रथमच विषय खरोखर संपला.  गावातून ट्रॅक्टर आणायला एकटेच चालत निघाले. पाठीमागून ते मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

मी आणि काकू चरापाशी बसून डबे धूत होतो. मी म्हटलं, "काकू, रागावू नका, पण तुम्ही घोरता."

"माहीत आहे मला."

"मग तुम्हाला झोप..."

"मला दगडावर टाक, मी झोपेन," काकू म्हणाल्या. त्यांनी डबा उपडा घातला. "माहेरी आम्ही होडीत झोपायचो गं, जाळ्यावर. झोप लागत नाही ती ह्यांना. महाबळेश्वरला हे रात्रभर खिडकीशी उभे. सकाळी चेहरा एवढासा झालेला. नवं लग्न, त्यात नवऱ्यामुलाला परक्या जागी झोप येत नाही म्हणून परत आले, हे ह्यांच्या बहिणीला कळलं असतं तर? जन्मभर पिदडलं असतं तिने. मीच म्हटलं, मला नाही बाई इथे झोप येत, घरी जाऊया. ह्यांना एवढं हायसं वाटलं! मग ते माझ्याच नावावर राहिलं."

"आणि काकांना माहीत नाही?"

"त्यांना खरंच वाटतं की ते माझ्यासाठी जागतात. माझं घोरणंही त्यांना कण्हणं वाटतं." काकू हसल्या. पण मग चराच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "त्या मेल्या महाराणीचा मात्र मला कंटाळा आला हां आता."

मी पुढचा डबा त्यांच्या हातात दिला. तो धुता धुता त्यांनी विचारलं, "गाडी चालत असली की हे झोपतात, बघितलंस का?"

बघितलं होतं. मी स्टिअरिंगवर असले आणि बस चालू झाली की मागे पलंगावर काका गाढ झोपायचे. बराच वेळ थांबली की जागे.

"पाळण्यातलं बाळ आहे ते," काकू म्हणाल्या. "हलवत राहायला हवं. तू एकटी किती हलवशील? मला शिकव."

"काय शिकवू?"

"गाडी."

ट्रॅक्टरने आम्हाला बाहेर काढलं. काकू काकांना म्हणाल्या, "मला ते उंट बघायचेत. मी परत येणार नाही. तुम्हाला जायचं तर एसटी मिळेल." काकांनी आ वासला. त्यांच्या संसारात असं वाक्य बहुतेक पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. आम्ही पुढे निघालो.

त्यापुढे गाडी काकांच्या हातात द्यायची नाही असं मी ठरवलं आणि जेवणं झाली की त्यांना पलंगावर आडवं व्हायला लावलं. कच्छच्या आखाताला वळसा घालून आम्ही वर सरकलो, तसतसा रस्ता सुनसान होत गेला. तिथे मग मोकळी, सपाट, मिठाने कडक झालेली मैदानं लागली. झाड नाही, माणूस नाही, गाय नाही. काका झोपले की मी बस मैदानात उतरवायची आणि काकूंना स्टिअरिंगवर बसवायची. पदर खोचून, चष्मा वर सरकवून त्या बसायच्या. क्लच सोडताना बस उडी मारायची, काकू "आई गे!" म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. पण हात पक्का होता. होडीचं सुकाणू धरलेला हात तो. चारसहा दिवसांत त्या मैदानभर मोठे मोठे गोल काढायला लागल्या आणि मागे काका असे झोपायचे की त्यांच्या चेहऱ्याचा रंग परत आला. उठल्यावर विचारायचे, "किती पुढे आलो?" मी म्हणायची, "बरेच."

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. बस छान सरळ चालली होती. काकू तिसऱ्या गिअरवर, तोंडात बडीशेप. मागचं दार सरकल्याचा आवाज आला. काका विस्कटलेल्या केसांनी उभे. त्यांनी बाहेर पाहिलं, सूर्य पाहिला, मग माझी वेणी पाहिली आणि म्हणाले, "आपण उत्तरेला चाललोय. तू पश्चिमेच्या सीटवर आहेस. मग पूर्वेला कोण आहे?"

"मी," काकू म्हणाल्या.

काकांनी तोंड उघडलं, पण काकूंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "गप ऱ्हवा हो जरा! ब्रेक खंय तो आधी बघूंदे माका!"

बस थांबली. अगदी हळू, सुंदर थांबली.  बाहेर वारा पत्र्यावर वाळू फेकत होता.

"तुम्ही झोपला होतात," काकू म्हणाल्या.

"मी नुसता पडलो होतो."

"घोरत होतात. गेले कितीतरी दिवस दुपारी झोपताय. कारण गाडी हलतेय." मग त्या सीटवरच मागे वळल्या आणि अगदी सरळ विचारलं, "महाबळेश्वरला खिडकीत कोण उभं होतं?"

मला उतरून जावंसं वाटलं, पण बाहेर आडोशाला एक झाडही नव्हतं. काकांनी खूप विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं उमटताना दिसत होतं: ती खिडकी, ती सकाळ, नंतरची सगळी लग्नं, मुंजी, रात्री घरी परतणं. मग ते खाली उतरले. बसला एक फेरी मारली. दुसरी मारली. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या. 

मग वर टपावर पावलांचा आवाज आला. मागच्या शिडीने काका टपावर चढले होते, कारण तिथेच मोबाइलला रेंज मिळायची. त्यांनी चेंबूरला फोन लावला.

"ताई? मी बोलतोय. ऐकू येतंय? तुझ्या वहिनीला कुठेही झोप लागते. कुठेही! हो. मला लागत नाही. मला! पहिल्यापासून मलाच लागत नव्हती. ही इतकी वर्षं माझ्यासाठी ऐकून घेत होती. नाही, मला ऊन नाही लागलं. तू पुन्हा तिला महाराणी म्हणालीस तर मी तुझ्याकडे महिनाभर राहायला येईन आणि रोज रात्री तुझ्या घरात फेऱ्या मारीन. आणि आणखी ऐक, ती बस चालवते."

काकूंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. त्यांनाही ते कळत नसावं.

काका खाली उतरून खिडकीशी आले. "मला विचारायचंस तरी," ते म्हणाले.

"काय विचारणार? तुम्ही जागे आहात का?"

ते हसले. मग म्हणाले, "क्लच जरा सावकाश सोड. झोपमोड होते."

उंट आम्हाला शेवटच्या टोकाला दिसले. काकू आधी तर वैतागल्याच. "ही तर तिवरं! एवढं लांब येऊन तिवरंच बघायची होती तर गोराईला रिक्षाने गेलो असतो." पण एका उंटवाल्या म्हाताऱ्याने त्यांना थांबायला सांगितलं. उंट खाडीपलीकडच्या बेटावर तिवरांचा पाला खायला गेले होते, प्यायला गोडं पाणी इकडे होतं, म्हणजे ते येणारच. आम्ही किनाऱ्यावर बसलो. भरती चढत होती. आणि मग हिरव्या रांगेतून एक मान पाण्यात उतरली, मागून दुसरी, मग कळपच्या कळप. अंगं सगळी पाण्याखाली, वर नुसती डोकी, नाकं आभाळाकडे, कोणाचंही देणं लागत नसल्यासारखी शांत. म्हाताऱ्याने आमच्या बाजूने हाक मारली आणि ती सगळी डोकी तिकडे वळली. बाहेर येऊन त्यांनी अंग झाडलं तेव्हा आम्ही तिघंही भिजलो. काकांनी टेप काढली नाही. फोटोसुद्धा काढला नाही. नुसता काकूंचा हात धरून उभे राहिले.

पुढच्या वर्षी मी पवईजवळ राहायला गेले होते, पण त्यांना निरोप द्यायला मुद्दाम पहाटे बोरिवलीला आले. मधल्या काळात काकू रीतसर मोटार ट्रेनिंगला गेल्या होत्या, परीक्षा देऊन लायसन्स काढलं होतं. परीक्षा घेणारा साहेब आरटीओतला तोच, पंख्याखालून उठणारा होता आणि काका बरोबर आले नाहीत म्हणून त्याने त्यांना चहा पाजला होता. या वेळी गाडीत तिसरं कोणी नव्हतं. चेंबूरच्या ताई डब्यात लाडू घेऊन गेटपाशी आल्या होत्या. त्यांनी डबा खिडकीतून आत दिला आणि दोन वेळा काहीतरी बोलायला गेल्या. शेवटी म्हणाल्या, "वहिनी, सांभाळून चालव हं."

"तुम्हीपण चला की वन्सं," काकू म्हणाल्या. "पुढचा बाक रिकामाच आहे."

ताई घाबरून मागे सरकल्या. काकूंनी आरशात बघितलं, हॉर्न दिला आणि बस गेटमधून अशी काही सफाईने बाहेर काढली की गुलमोहराचं पानही हललं नाही. मी रस्त्यापर्यंत मागे धावले, काकांना हात करायचा होता म्हणून. मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने उडाला होता. दहिसर अजून आलं नव्हतं, हायवेसुद्धा लागला नव्हता, आणि आत काका तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.